टेकडीची किंमत आणि टेकडीचे मोल

बाजारात ज्या वस्तूचा भाव होत नाही तिला मोलच नसते, असा समज अर्थव्यवहारात खोलवर रुजलेला आहे. तो किती महाग पडू शकतो, हे बर्लिनच्या पश्चिमेस ग्रुनेवाल्ड अरण्यात उभ्या असलेल्या टॉयफेल्सबर्ग टेकडीच्या इतिहासावरून कळून येते.

सुमारे १२० मीटर उंचीची ही टेकडी निसर्गनिर्मित नाही. १९३७ साली हिटलरने येथे लष्करी तंत्रविद्येच्या शिक्षणसंस्थेची कोनशिला बसविली. परंतु युद्धामुळे इमारत अपुरी राहिली. पुढे बाँबहल्ल्यांत जमीनदोस्त झालेल्या घरांचा राडारोडा टाकण्यास पश्चिम बर्लिनला जागा हवी होती. तेव्हा हे बांधकामच त्याखाली गाडण्यात आले. १९५० ते १९७२ या काळात सुमारे २ कोटी ६० लाख घनमीटर ढिगारा येथे जमा झाला. त्यावर माती पसरून झाडे लावण्यात आली.

माथ्यावर अमेरिकन व ब्रिटिश सैन्यांनी पूर्वेकडील संदेश टिपणारे केंद्र उभारले. उतार मात्र नागरिकांचे राहिले. १९६१ मध्ये भिंतीने वेढल्या गेलेल्या शहराला मोकळ्या भटकंतीचे हे एक हक्काचे ठिकाण होते. हिवाळ्यात घसरगाड्या, एरवी पायी फेरफटका, शेजारच्या ड्राखेनबर्ग टेकडीवर पतंग. १९८६ च्या डिसेंबरात तर येथे स्कीइंगची विश्वचषक शर्यतही झाली.

१९८९ मध्ये भिंत पडली आणि काही वर्षांतच सैन्येही गेली. १९९६ मध्ये शहराने माथ्याची जागा खाजगी गुंतवणूकदारांस विकली. तेथे हॉटेल व निवासस्थाने बांधावयाची होती. नागरिकांचा विरोध व पैशाची चणचण यांमुळे योजना बारगळली आणि २००६ मध्ये भूवापर आराखड्यात ही जागा वन म्हणून नोंदली गेली. बांधकामाची वाट बंद झाली, पण मालकी परत आली नाही. उतारांवर आजही कोणीही विनामूल्य हिंडू शकतो. माथ्यावरील जुन्या केंद्राच्या आवारात शिरावयाचे तर शुल्क द्यावे लागते.

याच शहराच्या पूर्वसूरींचा हिशेब निराळा होता. १९१५ साली बृहद्-बर्लिनच्या नगरसंघाने प्रशियाच्या सरकारकडून सुमारे १०,००० हेक्टर वन ५ कोटी मार्कांना विकत घेतले. ते पुन्हा विकावयाचे नाही व नागरिकांच्या विसाव्यासाठी कायम राखावयाचे, ही त्या कराराची अट होती. पुढे १९७५ च्या जर्मन वनकायद्याने विश्रांतीसाठी वनात प्रवेश करण्याचा सर्वांचा अधिकार मान्य केला. सायकलस्वारांना मात्र रस्त्यांची व वाटांची मर्यादा घातली.

विसावा फुकट मिळत नाही. पायवाटांची डागडुजी, झाडांची निगा, मातीची धूप रोखणे यांचा खर्च कोणीतरी सोसतोच. तो करातून भागविला तर श्रीमंत-गरीब दोघेही टेकडी चढतात. तिकिटातून भागविला तर खिसा पाहून वाट मोकळी होते. म्हणून जागा विकताना हाती येणारी रक्कम जमेस धरणाऱ्या हिशेबनिसाने गमावलेली वाटही खर्ची मांडावयास हवी. विक्रीचा पैसा एकदाच येतो. टेकडी पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडते.