विद्यापीठ श्रेष्ठ कशावरून ठरवावें?

अमेरिकेंतील आयोवा हें मक्याच्या शेतांचें संस्थान. पण शिक्षणसंस्थांची तुलना कशी करावी, हें तेथें पाहून शिकण्याजोगें आहे. ग्रिनेलचें खासगी कॉलेज १८४६ सालचें. आयोवा सिटीचें विद्यापीठ १८४७ सालचें. तेथें १८५५ सालीं वर्ग भरूं लागले तेव्हांपासूनच स्त्रियांस पुरुषांच्या बरोबरीनें प्रवेश मिळाला. एम्सची शेतकी पाठशाळा १८५८ च्या कायद्यानें निघाली; सीडर फॉल्सची संस्था १८७६ सालीं शिक्षक तयार करण्यासाठीं स्थापन झाली. यांत श्रेष्ठ कोणती? वय वा इमारती मोजून याचें उत्तर मिळणार नाहीं.

१९०४ सालीं एम्सचे प्राध्यापक होल्डन आगगाडीनें गांवोगांव फिरले व मक्याचें बियाणें कसें पारखावें, हें त्यांनीं शेतकऱ्यांस डब्यांतच शिकविलें. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांस कॅन्सासमधील एका कॉलेजानें केवळ वर्णामुळें परत पाठविलें होतें. आयोवांतील लहानशा सिम्प्सन कॉलेजानें त्यांस १८९० सालीं घेतलें, आणि एम्सनें १८९४ सालीं पदवी देऊन पुढें अध्यापकही केलें.

माल घेतांना आपण वजनाबरोबर प्रतही पाहतों. मुलामुलींसाठीं कॉलेज निवडणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंनीं तीच पारख येथेंही लावावी. नांवाच्या गाजावाज्यास भुलण्यापूर्वीं त्यांनीं इतकेंच विचारावें कीं, या संस्थेनें आपलें दार कोणाकोणास उघडलें, आणि तिची विद्या कुंपणाबाहेर कोणाच्या शेतापर्यंत पोंचली?