पुण्यात ताजी एल प्यायची तर…

धाराशिवकरांनो, कामानिमित्त पुण्यात मुक्काम पडला तर बाटलीबंद बिअर सोडा आणि मायक्रोब्रुअरीतली, म्हणजे जागेवरच थोडी-थोडी बिअर बनवणाऱ्या ठिकाणची, एल (बिअरचाच एक प्रकार) घेऊन बघा. देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी ‘डुलाली’ २००९ साली पुण्यातच सुरू झाली. पुढे तिच्या शाखा मुंबईतही निघाल्या.

एलमध्ये पहिला ग्लास गव्हाच्या बिअरचा, म्हणजे हेफेवायझनचा घ्या. नाकाशी नेला की पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. यात ना केळं असतं ना लवंग. ही सगळी किमया यीस्टची! बिअर गाळलेली नसते म्हणून गढूळ दिसते. खराब समजून परत पाठवू नका.

इंग्लंडातली ‘रिअल एल’ याच्याही पुढची. ती पिंपातच दुसऱ्यांदा आंबते. वरून गॅस न भरता ११ ते १३ अंशांवर, बहुधा हातपंपाने ओढून देतात. ती टिकावी म्हणून १९७१ मध्ये ‘कॅमरा’ ही ग्राहकांची चळवळ उभी राहिली. आज ‘वेदरस्पून’सारख्या स्वस्त पबसाखळीतही ती सर्रास मिळते. आपल्याकडे एल बरीच थंड येते. पाच-दहा मिनिटं थांबा, चव खुलते.

बिअरसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत. गाडी लॉजवरच ठेवा, रिक्षाने जा.