आज रात्री लाइट कापणार नाहीत

‘प्रिय ग्राहक, मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही. आज रात्री साडेनऊला वीजपुरवठा बंद होईल. लगेच आमच्या अधिकाऱ्याला फोन करा.’ खाली दहा आकडी मोबाइल नंबर. अशा मजकुराचे मेसेज काही वर्षांपासून महाराष्ट्रभर फिरताहेत. मेसेज येतो संध्याकाळी, महावितरणचं ऑफिस बंद झाल्यावर. घरात अभ्यासाला बसलेली पोरं असतात, माणूस घाबरतो आणि नंबर फिरवतो.

बिल थकलं की त्याच दिवशी लाइट कापतात, या समजावर हा सगळा खेळ चालतो. वीज कायदा 2003 मधलं कलम 56 सांगतं की थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. शिवाय महावितरणचा खरा मेसेज कुणाच्या मोबाइल नंबरवरून येतच नाही. पाठवणाऱ्याच्या जागी ‘व्हीएम-एमएसईडीसीएल’सारखं नाव असतं आणि त्यात एखाद्या अधिकाऱ्याला फोन करा असं कधी सांगितलेलं नसतं. असा मेसेज आला की एवढंच पाहायचं: वर नाव आहे की नंबर?

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की फसवणारा आपल्याकडे काही नवं घेऊन येत नाही. लाइट बिल, पीएम किसानचा हप्ता, लाडक्या बहिणीची ई-केवायसी, गाडीचं चालान ही आपलीच कामं तो उचलतो. त्यामुळे खरं ऑफिस कसं वागतं, हे ज्याला पक्कं माहीत आहे त्याला खोटं लवकर ओळखू येतं.

दुसरा समज फार खोलवर रुजला आहे: ‘मी ओटीपी कुणालाच सांगितला नाही, मग पैसे जातील कसे?’ जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चालान’ किंवा लग्नपत्रिका अशा नावाची फाइल येते. तिच्या नावाचा शेवट ‘एपीके’ असा असतो. म्हणजे ती पत्रिका नसते, फोटोही नसतो, ते अ‍ॅप असतं. बोट लावलं की फोन आधी बजावतो की हे अ‍ॅप अनोळखी ठिकाणाहून आलं आहे. आपण घाईत ‘परवानगी द्या’ दाबतो. मग ते मेसेज वाचायची परवानगी मागतं, तीही देतो. त्यानंतर बँकेचा ओटीपी आला की तो आपल्या आधी ठगाकडे पोचतो. तुम्ही तोंडातून एक शब्द काढलेला नसतो आणि खातं रिकामं होतं. लाइट बिलाच्या फोनवरही असंच होतं. पलीकडचा माणूस एक अ‍ॅप टाकायला लावतो, ‘फक्त दहा रुपये भरून बघा’ म्हणतो आणि तुमच्या स्क्रीनवर उमटणारं सगळं त्याला दिसत राहतं.

शेतकऱ्यांची यात खरोखर पंचाईत आहे. 2025 च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळाला (सीसीआय) कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ अ‍ॅपवर आधी नोंदणी लागते. हिंगणघाटच्या बाजारात गाडी लावण्याआधी मोबाइल हातात घ्यावा लागतो आणि चुकारे येतात ते आधारला जोडलेल्या खात्यात. सरकारच अ‍ॅप टाका म्हणतं, तेव्हा अ‍ॅप टाकूच नका असं शेतकऱ्याला सांगण्यात अर्थ नाही. सांगायचं ते हे की अ‍ॅप घ्यायचं फक्त प्ले स्टोअरवरून, आलेल्या फाइलवरून किंवा लिंकवरून कधीच नाही. राज्य आणि केंद्र सरकारच्या साइटचा पत्ता सहसा ‘गव्ह डॉट इन’ने संपतो. बँकांनाही 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘बँक डॉट इन’ने संपणारे पत्ते घ्यायला रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं. सुरुवातीला बँकेचं नाव कुणीही लावू शकतो, म्हणून पत्त्याचा शेवट वाचायचा.

गावात अंगठा लावून पैसे काढणाऱ्यांना तर ओटीपीचा संबंधच येत नाही. ‘अंगठा उमटला नाही, पुन्हा लावा’ असं पैसे देणाऱ्याने म्हटलं तर आधी पहिल्या वेळची पावती मागावी. आधारचे बायोमेट्रिक आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या अ‍ॅपवरून किंवा साइटवरून लॉक करता येतात, तेही फुकट. मात्र लॉक असताना रेशन दुकानातही अंगठा चालणार नाही, त्या वेळेपुरतं उघडावं लागेल. आधारची प्रत द्यायची वेळ आली तर शेवटचे चारच आकडे दिसणारं ‘मास्क’ आधार जिथे चालतं तिथे तेच द्यावं.

यूपीआयबद्दल एवढंच: पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही. जुनी मोटारसायकल विकणाऱ्याला ‘मी फौजी आहे, कोड स्कॅन करा, पैसे येतील’ असं सांगणारा ठग ही जुनी गोष्ट आहे. पुलगावला लष्कराचं दारूगोळा भांडार असल्याने आपल्याकडे तो शब्द पटकन खरा वाटतो.

अडाणी माणूसच फसतो, हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो. सप्टेंबर 2022 मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून एक कोटीहून जास्त रक्कम गेली, कारण अदर पूनावाला यांच्या नावाने आलेला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज खरा मानला गेला. ऑगस्ट 2024 मध्ये लुधियानाचे उद्योगपती एस. पी. ओसवाल यांना व्हिडिओ कॉलवर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवून 7 कोटी रुपये उकळले. याला ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्ये हे स्पष्ट सांगितलं. कुठलाही पोलीस फोनवर कॅमेरा सुरू ठेवायला लावून चौकशी करत नाही आणि ‘तपासणीसाठी’ पैसे मागत नाही. ‘घरात कुणाला सांगू नका’ असं फोनवरचा माणूस म्हणाला की आधी घरातल्यालाच हाक मारावी.

पैसे गेले ते गेले, हेही खरं नाही. ओसवालांची मोठी रक्कम पोलिसांनी परत मिळवली. ठग पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात भराभर फिरवतो. 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर ती साखळी मध्येच गोठवता येते. दुसऱ्या दिवशी, लाजत, कुणाला तरी विचारून केला तर बहुधा एटीएममधून रोकड निघालेली असते. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवरही तक्रार होते. बँकेला त्याच वेळी कळवून तक्रार क्रमांक घ्यायचा, कारण रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार चूक तुमची असली तरी कळवल्यानंतरच्या नुकसानीची जबाबदारी बँकेची. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा वेळी बँकेकडून सूचना मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर काहीच बोजा येत नाही.

एकदा फसलेल्याला पुढे आणखी एक फोन येऊ शकतो: ‘तुमचे पैसे मिळवून देतो, आधी फी भरा.’ 1930 वर तक्रार करायला फी नाही.