तरवडाला टँकर लागत नाही

नवरात्रात घटावर रोज एक माळ चढते. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात बऱ्याच घरी त्यातली एखादी माळ तरवडाच्या फुलांची असते. पाऊस ओसरू लागला की मुरमाड माळ, बांध, रस्त्याच्या कडा या झुडपाने पिवळ्याधमक होतात. इंद्रायणीकाठच्या चिखलीत मात्र आज तो शोधावा लागतो. १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले आणि शेतांच्या, पडीक माळांच्या जागी वर्कशॉप, गोदामे, गृहसंकुले उभी राहिली. रस्ते रुंद झाले, दुभाजक आले. त्यांवर शोभेची झाडे लावायची आणि उन्हाळाभर टँकरने जगवायची, ही आपल्या शहरांची रीत. याच मातीत न मागता उगवणारे फुलझाड असताना हा खर्च मला पटत नाही.

लिनियसने १७५३ मध्ये तरवडाला कॅसिया ऑरिक्युलाटा म्हटले. आज तो सेन्ना ऑरिक्युलाटा म्हणून ओळखला जातो. उंची साधारण पुरुषभर. पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी दोन रुंद उपपर्णे दिसली की ओळख पटते. फुलात मध नाही. परागही सहज हाती लागत नाहीत, कारण परागकोश उभे फाटत नाहीत, त्यांना टोकाशी बारीक छिद्रे असतात. मोठा काळा भुंगा फुलाला बिलगतो, अंग थरथरवतो आणि त्या कंपनाने पराग बाहेर उडतात. तरवडाच्या झुडपापाशी सकाळी थांबलात तर ती गुणगुण स्पष्ट ऐकू येते.

या झाडाचा खरा इतिहास सालीत आहे. तिच्यात टॅनिन भरपूर, म्हणून कातडी कमावायला ती पिढ्यानपिढ्या वापरली गेली. आपल्याकडे ढोर समाजाच्या कारागिरांनी बाभूळ, हिरडा आणि तरवड यांच्या बळावर हा धंदा सांभाळला. पखाल, मोट, वहाण यांच्यामागे हे श्रम होते, आणि ते करणाऱ्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, हेही तरवडाबद्दल लिहिताना सांगितलेच पाहिजे. मद्रासेकडे तर अर्धवट कमावलेल्या कातड्यांचा विलायतेशी चालणारा मोठा व्यापार तरवडाच्या सालीवर उभा होता. पुढे दक्षिण आफ्रिकेतून वॅटलची साल आली, क्रोमियमचे क्षारही आले आणि तरवड मागे पडला.

फुले मात्र मागे पडली नाहीत. तेलंगणात बतुकम्मा सणाचा फुलांचा मनोरा रचताना ही फुले वापरतात. ते त्या राज्याचे राज्यपुष्प आहे. श्रीलंकेत वाळल्या फुलांचा ‘रणवरा’ चहा पितात. मधुमेहावरचा उपाय म्हणूनही फुलांचे नाव घेतले जाते. २००२ मध्ये तमिळनाडूतील संशोधकांनी मधुमेही उंदरांना फुलांचा अर्क दिला, तेव्हा रक्तातली साखर उतरल्याचे दिसले. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. काढ्याच्या भरवशावर कोणी गोळ्या सोडू नयेत.

लावायला तरवड सोपा आहे. शेंगा चपट्या, कागदासारख्या; वाळून तपकिरी झाल्या की तोडाव्यात. बियांचे कवच टणक असते, म्हणून त्यांवर गरम पाणी ओतून रात्रभर तसेच भिजू द्यावे. पहिल्या पावसाच्या तोंडावर जागेवरच पेरावे. पिशवीत रोप केले तर ते लहान असतानाच हलवावे, नंतर मुळाला धक्का सोसत नाही. ऊन भरपूर हवे, पाणी साचू नये. पहिला उन्हाळा अधूनमधून पाणी द्यावे, पुढे गरज पडत नाही. जनावरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपणाचा खर्चही वाचतो. बहर संपल्यावर छाटले की खालून दाट फुटवे येतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने चिखलीलगतच्या कुदळवाडीत भंगाराची गोदामे आणि शेड मोठ्या प्रमाणावर पाडली. तिथे नवे रस्ते आखले जातील तेव्हा उद्यान विभागाने दुभाजकांसाठी तरवडाची मागणी आधीच नोंदवावी. रोपवाटिकांत हे झाड क्वचितच मिळते, कारण ते कोणी मागत नाही. बी मात्र अजून चाकणच्या बाजूच्या माळांवर मिळू शकेल. तेही माळ प्लॉट पडून संपण्याआधी गोळा करायला हवे.