ऊस सुरू होण्याआधी ट्रॉलीचं चाक उचलून बघा

गेल्या हंगामात कारखान्याच्या वाटेवर, रात्री, आमची भरलेली ट्रॉली बसली. हब उघडला तर ग्रीसचं जळून डांबर झालेलं आणि टेपर रोलर निळे पडलेले. निळा रंग दिसला की समजायचं, पोलाद तापून मऊ पडलंय. ते बेअरिंग पुन्हा घालायचं नाही.

बहुतेक वेळा सुरुवात ऑइल सीलपासून होते. सील फाटतं, चिखल-पाणी आत शिरतं. म्हणून वरून ग्रीस थापून भागत नाही. हब उतरवा, जुनं ग्रीस डिझेलने धुवा, पूर्ण सुकवा, मग तळहातावर ग्रीस घेऊन रोलरच्या फटीफटीत दाबून भरा. सील नवीनच टाका. बेअरिंग बदललं तर बाहेरचा कपही बदला. इथंच बरेच जण पैसे वाचवतात आणि फसतात. नट आवळताना चाक फिरवत राहा, शेवटी किंचित सैल सोडा, नवी स्प्लिट पिन घाला.

रिकामी ट्रॉली जॅकवर घेऊन चाक वर-खाली हलवा. खडखडलं तर हब उघडाच. वाटेत थांबलात की प्रत्येक हबजवळ हात न्या. एकच जास्त तापलेला असेल तर भरलेली ट्रॉली पुढे रेटू नका. बाजूला घ्या, मागे दिवा लावा. अंधारात दुचाकीवाल्याला ऊस दिसत नाही.