तांबेच का?

सोडावॉटरच्या बाटलीचे झाकण काढले की फसफसून बाहेर पडतो तो कार्बन डायऑक्साइड. कोळसा किंवा पेट्रोल जाळल्यावरही हाच वायू तयार होतो. मग पाण्यात विरघळलेल्या या वायूपासून पुन्हा इंधन बनवता येईल का?

बनवता येते, पण फुकट नाही. कार्बन डायऑक्साइड म्हणजे एका अर्थी कार्बनची राखच. जळताना जेवढी ऊर्जा बाहेर पडली, निदान तेवढी तरी परत द्यावी लागते. ती विजेच्या रूपात देता येते. शाळेत आपण पाण्याचे विद्युत् अपघटन करतो, जवळजवळ तशीच ही मांडणी. फक्त पोटॅशियम बायकार्बोनेटच्या द्रावणात कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडायचे. धनाग्रापाशी ऑक्सिजन मिळतो. ऋणाग्रापाशी काय मिळेल, हे मात्र तेथील धातूवर ठरते.

जपानमधील योशिओ होरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ च्या सुमारास एकेक धातू घेऊन हे तपासले. पुढे इतरांनीही प्रयोग केले. त्यांतून दिसलेले चित्र असे: सोने, चांदी व जस्त यांवर मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड, कथील व शिसे यांवर फॉर्मेट, तर प्लॅटिनम, निकेल व लोखंडावर जवळजवळ फक्त हायड्रोजन. तांब्यावर मात्र मिथेन, एथिलीन आणि थोडे अल्कोहोलसुद्धा!

असे का व्हावे? वाटेत तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड धातूला किती घट्ट चिकटतो, यात याचे उत्तर आहे. सोन्या-चांदीवरून तो लगेच सुटून जातो. प्लॅटिनमला तो इतका घट्ट धरतो की पृष्ठभागच अडून राहतो. तांबे त्याला बेताने धरते. तेवढ्या वेळात त्याला आणखी इलेक्ट्रॉन व हायड्रोजन मिळतात. कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूचा मिथेन व्हायला आठ इलेक्ट्रॉन लागतात.

अडचणीही आहेत. २५ अंश सेल्सिअसला, वातावरणाच्या दाबाखाली, एक लिटर पाण्यात हा वायू जेमतेम दीड ग्रॅम विरघळतो. पाण्यापासून हायड्रोजन बनण्यातही वीज खर्ची पडते. तांब्यावर मिळते ते अनेक पदार्थांचे मिश्रण, आणि त्यासाठी विद्युतदाबही हिशेबापेक्षा बराच जास्त द्यावा लागतो.

उत्प्रेरक वाट सोपी करतो, ऊर्जा निर्माण करत नाही. ही वीज कोळसा जाळून मिळवली, तर वातावरणातला कार्बन डायऑक्साइड घटेल की वाढेल? सूर्यप्रकाशापासून मिळवली तर? हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा.