चापड्याचे विष शरीरात काय करते

साप चावला की माणसाच्या पापण्या जडावतात व श्वास बंद पडून तो मरतो, अशी आपली सर्वसाधारण कल्पना. नाग व मण्यार यांच्यापुरती ती खरी आहे. त्यांचे विष मुख्यतः मज्जातंतूंवर चालते. आंबोली, चोर्ला येथील रानांत पावसाळ्यात झुडुपांवर दिसणाऱ्या चापड्याची तऱ्हा निराळी. डोळा व नाकपुडी यांमधील खळग्यांनी भक्ष्याची ऊब ओळखणाऱ्या या कुळाचे विष बहुधा मांस आणि रक्त यांवर काम करते.

मटण लवकर शिजावे म्हणून त्याला कच्च्या पपईचा गर चोळतात, हे गृहिणींना सांगावयास नको. पपईतील एन्झाइम मांसातील प्रथिने तोडते. या विषातही तशीच एन्झाइमे असतात, फक्त ती जिवंत शरीरात उतरतात! काही एन्झाइमे केशवाहिन्यांना आधार देणारे अस्तर कुरतडतात. मग रक्ताच्या दाबानेच भिंत फाटते, रक्त आजूबाजूला झिरपते, जागा काळीनिळी पडते. दुसरी स्नायुपेशींचे आवरण फोडतात. तिसरी पेशींमधील चिकट द्रव्य पातळ करून बाकीच्यांना वाट मोकळी करून देतात.

रक्ताचा प्रकार याहून चमत्कारिक. रक्त गोठविणारे फायब्रिनोजेन हे प्रथिन विष आधीच वापरून संपविते. मग उरलेले रक्त गोठतच नाही. म्हणून डॉक्टर कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलविता ठेवतात व नळी कलती करून पाहतात.

आपल्याकडील चापड्याच्या दंशाने सहसा वेदना व सूज यांवरच निभावते. मात्र त्याचाच भाऊबंद, वर वळलेल्या नाकाचा हातभर लांबीचा साप, पूर्वी फारसा घातक मानीत नसत. केरळातील डॉक्टरांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या माहितीवरून त्याच्या दंशाने रक्तस्राव होतो व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हे दिसून आले. भारतातील नेहमीचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांसाठी केलेले. या सापावर ते चालत नाही. शिवाय योग्य प्रतिविष मिळाले तरी ते मोकळे विष बांधून टाकते, मेलेला स्नायू जिवंत करीत नाही.

म्हणूनच ब्लेडने चीर देणे अघोरी आहे. न गोठणारे रक्त थांबवायचे कसे? घट्ट दोरीने तर आधीच पोळलेल्या अवयवाचा रक्तपुरवठाही तुटतो. सूज चढण्यापूर्वी अंगठी, बांगड्या काढाव्यात, हातपाय हलू देऊ नये आणि रोग्यास थेट इस्पितळात न्यावे.